लष्करी खेळांतील वास्तव आणि रंजन

सोलापूरच्या सात रस्त्यावर संध्याकाळच्या सुमारास चहाच्या गाड्यांपाशी आणि उभ्या केलेल्या मोटारसायकलींवर तरुणांचे जे घोळके मोबाईलमध्ये मान घालून बसलेले दिसतात, त्यांतले पुष्कळसे त्या घटकेला कोणत्या तरी काल्पनिक बेटावर बंदूक सरसावून लढत असतात. आणि ‘झोन आला’, ‘रश करू नको’, ‘नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे’ ही त्यांची वाक्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या शहराच्या चारही बोलींत बेमालूम मिसळून गेली आहेत. नाटकाला, कादंबरीला, सिनेमाला आपल्याकडे पहिल्या पिढीपासून समीक्षक लाभले. परंतु एका संपूर्ण पिढीचा फावला वेळ ज्या कलेने व्यापला, तिच्या वाट्याला मराठीत अद्याप तक्रारीवाचून दुसरे काही आलेले नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अकरा वर्षांच्या एका मुलाच्या वतीने ‘पबजी’वर बंदी मागणारी याचिका दाखल झाली, २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर मनाई हुकूम जारी केला, त्यांत तो खेळ गेला, २ जुलै २०२१ रोजी तोच ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. या साऱ्या काळात खेळ असावा की नसावा एवढाच वाद झाला. तो कलाकृती म्हणून कसा आहे, त्यातले युद्ध खरे किती आणि त्यातली गंमत कशात आहे, हे प्रश्न कोणी गांभीर्याने हाती घेतले नाहीत. ते हाती घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

युद्धाचा खेळ करणे ही मनुष्याची जुनी खोड आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचा चतुरंग आपल्याच भूमीत पटावर मांडला गेला, आणि त्या पटाने युद्धातली धूळ, भूक व भीती टाकून देऊन केवळ बुद्धीचा डाव ठेवला. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या लेफ्टनंटाने याच्या उलट वाट धरली. त्याने खरा नकाशा, फासे, आणि एका पक्षाच्या हालचाली दुसऱ्याला दिसू न देणारा पंच अशी रचना सिद्ध करून सेनाधिकाऱ्यांपुढे ठेवली, आणि खेळ हे तालमीचे साधन झाले. संगणकावरील लष्करी खेळांत या दोन्ही परंपरा उतरल्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाने ‘डूम’ या लोकप्रिय खेळात फेरफार करून आपल्या जवानांसाठी ‘मरीन डूम’ तयार केला. ४ जुलै २००२ रोजी अमेरिकी लष्कराने सैन्यभरतीस साह्य व्हावे म्हणून ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ फुकट खुला केला, आणि तो पुढे वीस वर्षे चालला. प्राग येथील बोहेमिया इंटरॲक्टिव्ह या संस्थेने २००१ मध्ये ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ आणि पुढे ‘आर्मा’ ही मालिका काढली, जिच्या तंत्रावर उभी राहिलेली प्रणाली अनेक देशांच्या सैन्यांनी शिक्षणासाठी स्वीकारली. दुसरा प्रवाह दृश्यवैभवाचा. १९९९ चा ‘मेडल ऑफ ऑनर’, २००३ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आणि २००७ चा ‘मॉडर्न वॉरफेअर’ यांनी युद्धपटातला थरार खेळणाऱ्याच्या हाती दिला.

या दोन प्रवाहांचा संगम कोठे झाला हे सात रस्त्यावरच्या खेळाडूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने ‘आर्मा २’ या कमालीच्या काटेकोर खेळाच्या पायावर, अखेरपर्यंत एकच जण जिवंत उरेल अशी स्पर्धा रचली. तिचाच विस्तार होऊन कोरियातील निर्मात्यांच्या साह्याने २०१७ मध्ये ‘पबजी’ जन्मास आला आणि २०१८ मध्ये मोबाईलवर उतरला. आज आपल्याकडे जो खेळ निव्वळ करमणूक म्हणून खेळला जातो, त्याचे मूळ असे कवायतीच्या मैदानात आहे, आणि म्हणूनच त्यात वास्तवाचे काय ठेवले व काय गाळले हे पाहणे उद्बोधक ठरते.

‘एरंगेल’ हे त्यातले आठ किलोमीटर लांब व आठ किलोमीटर रुंद बेट घ्या. शंभर जण विमानातून उडी घेतात, रिकाम्या घरांतून शस्त्रे गोळा करतात, आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात एकमेकांना गाठतात. तीनशे मीटरवरून धावणाऱ्या शत्रूवर नेम धरायचा तर गोळीला तेथे पोहोचण्यास वेळ लागतो आणि वाटेत ती खाली झुकते. म्हणून नेम शत्रूच्या थोडा वर आणि थोडा पुढे धरावा लागतो, आणि किती वर व किती पुढे याचा हिशेब बंदुकीगणिक बदलतो. ‘एकेएम’ची नळी प्रत्येक गोळीसरशी वर उसळते, ती अंगठ्याने खाली ओढून धरणे यालाच मुले ‘रिकॉईल कंट्रोल’ म्हणतात, आणि त्यासाठी सरावाच्या मैदानात भिंतीवर शेकडो गोळ्या झाडून हात बसवतात. या अंगाने पाहता खेळातले वास्तव अस्सल आहे, आणि त्यातून मिळणारा आनंदही अस्सल आहे. तो कारागिराला हत्याराची ओळख पटल्यावर होणाऱ्या आनंदाच्या जातीचा आहे. परंतु त्याच खेळाडूला तीन-चार गोळ्या लागल्या की तो भिंतीआड बसतो, सहा सेकंदांत प्रथमोपचाराची पेटी वापरतो, आणि जणू काही घडलेच नाही असा पुन्हा धावू लागतो. मेलाच, तर पुढच्या मिनिटाला नव्या विमानात बसलेला असतो. गोळी बंदुकीतून सुटेपर्यंत आणि हवेतून जाईपर्यंत खरी असते. देहाला स्पर्श करताच तिचे खरेपण संपते.

हे असे का व्हावे, याचे उत्तर खेळाच्या स्वभावात आहे. खेळ रंजक होतो तो न्यायामुळे. आपण का हरलो हे हरणाऱ्याला कळले पाहिजे, पुढच्या डावात ते सुधारण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि नियम दोन्ही पक्षांना सारखे लागू झाले पाहिजेत. या तीन अटी पुऱ्या झाल्या की पराभवही गोड वाटतो. युद्ध या तिन्ही अटी मोडते. त्यात मनुष्य कोणी झाडलेल्या, कोठून आलेल्या गोळीने मेला हे पुष्कळदा कोणालाच कळत नाही. त्यात सुधारण्याची दुसरी संधी नसते. आणि ज्यांनी कधी शस्त्र हाती धरले नाही त्यांनाच त्याची सर्वांत जड किंमत मोजावी लागते. ‘आर्मा ३’ खेळणारा वीस-वीस मिनिटे माळ तुडवून, नकाशा वाचून, नायकाच्या हुकुमाची वाट पाहून, अखेर न दिसलेल्या शत्रूच्या एका गोळीने संपतो, तेव्हा तो युद्धाच्या सत्याच्या पुष्कळ जवळ गेलेला असतो. आणि या प्रतीक्षेत, शिस्तीत व परस्परविश्वासात रस घेणारे रसिकही आहेत. परंतु तो रस थोड्यांचा आहे, आणि तेथेही मेलेला खेळाडू रात्री घरी सुखरूप जेवतो. संपूर्ण वास्तव हे या कलेचे ध्येय असूच शकत नाही. ते साधले असते तर कोणीही दुसऱ्यांदा खेळावयास बसला नसता.

आपल्या साहित्यात कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती वर्षानुवर्षे गाजला, आणि बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचे मूळ संवाद, विरोध व समतोल यांच्या लयीत शोधले. या खेळांचा विचार करताना तो जुना वाद नव्याने उपयोगी पडतो. चांगल्या लष्करी खेळाला लय असते: लूट गोळा करण्याचा निवांतपणा, दूरवर वाजलेल्या एका गोळीने आलेली सावधता, पावलांचा आवाज, क्षणाची चकमक आणि पुन्हा शांतता. ही लय साधण्यासाठी निर्मात्याने वास्तवातले काही घेतले व काही टाकले, तर तो कलावंताचा हक्कच आहे. प्रश्न एवढाच उरतो की, जे घेतले ते कशासाठी घेतले, आणि जे टाकले ते टाकल्याने कोणाचा अपराध झाकला गेला.

हा प्रश्न २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ला विचारून पाहावा. त्यातल्या बंदुकांचे आवाज, अंधारातल्या छाप्यांची शिस्त, दार उघडताना जवानांनी एकमेकांना दिलेला आडोसा, हे सारे इतक्या निगुतीने केले आहे की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. परंतु त्याच खेळात ‘हायवे ऑफ डेथ’ या नावाच्या रस्त्यावरील संहार रशियनांच्या माथी मारला आहे, आणि त्या नावाने जगाला ठाऊक असलेला संहार तर १९९१ मध्ये कुवेतहून इराककडे जाणाऱ्या महामार्गावर अमेरिका व तिच्या दोस्तांच्या विमानांनी घडवला होता. बंदुकीच्या खटक्याबाबत इतका दक्ष असलेला निर्माता इतिहासाबाबत असा सैल होतो, तेव्हा त्याच्या तांत्रिक खरेपणाने त्या असत्याला साक्षीदार मिळवून दिला असे म्हणावे लागते. २००४ च्या फलुजाच्या लढाईवरील ‘सिक्स डेज इन फलुजा’ हा खेळ २००९ मध्ये जाहीर झाला, टीकेच्या गदारोळात जपानी प्रकाशकाने त्याला सोडले, आणि २०२३ मध्ये तो अपुऱ्या स्वरूपात बाहेर आला. तेथे लढलेल्या जवानांच्या प्रत्यक्ष मुलाखती त्यामागे आहेत, आणि तरीही ज्यांची घरे ती होती त्या इराकी रहिवाशांचे काय, हा आक्षेप त्याचा पाठलाग करीत राहिला.

याच्या उलट बाजूस दोन कृती मला या कलेच्या मानदंड वाटतात. २०१२ चा बर्लिनमधील ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ हा बंदुकीचा खेळ म्हणून सामान्य आहे, परंतु खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने पांढऱ्या फॉस्फरसचा मारा केल्यावर तो त्याला जळालेल्या नागरिकांमधून चालत जावयास लावतो, आणि विजयाची चव कायमची कडू करून टाकतो. २०१४ चा वॉर्सातील ‘धिस वॉर ऑफ माइन’ तर सैनिकालाच दूर सारतो. वेढ्यात सापडलेल्या शहरातील दोन-चार माणसांना थंडी, भूक व आजार यांतून जगवणे एवढाच त्यात डाव आहे, आणि साराजेव्होच्या वेढ्याचे स्मरण त्यामागे आहे. औषध घ्यावे की ते शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी सोडावे, असा प्रसंग त्यात येतो, तेव्हा बोट पडद्यावर थबकते. तो थबकलेला क्षण हे या कलेचे खास सामर्थ्य आहे. कादंबरीचा वाचक पाहतो, येथे मात्र निर्णय आपला असतो.

भारतीय प्रयत्नांकडे वळताना २६ जानेवारी २०२१ रोजी आलेला ‘फौजी’ हा बेंगळुरूचा खेळ आठवणे प्राप्त आहे. त्याने गलवानची पार्श्वभूमी घेतली, आणि त्या सीमेवर गोळीबार न करण्याचा उभय देशांचा करार असल्यामुळे लढत मुष्टियुद्धाची व दंडुक्यांची ठेवली; जखमी जवान शेकोटीपाशी बसून बळ परत मिळवतो, ही कल्पनाही त्या बर्फाळ मुलखाला शोभणारी होती. पण एकामागून एक येणारे तेच शत्रू आणि त्याच त्या चाली यांमुळे सत्याला धरून केलेली ही निवड कंटाळवाणी झाली. विषयाबद्दलचा आदर हा रचनेच्या उणिवेचा मोबदला होऊ शकत नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला ‘इंडस’ वास्तवाचा दावाच करीत नाही. भारतीय पुराणकल्पनांच्या भविष्यकालीन विश्वात तो आपली लढाई मांडतो, आणि त्याचा हा प्रांजळपणा मला आवडतो. ‘बॅटलग्राउंड्स’ने मात्र रक्ताचा रंग हिरवा करून आणि अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून शिष्टाचार सांभाळला. ती मर्यादा पालकांना उपयोगी आहे. रक्ताच्या रंगाने मात्र युद्धाविषयीची समज ना वाढते, ना घटते.

दृश्यांचे खरेपण किती घातक होऊ शकते याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आर्मा ३’ मधील दृश्ये पंजशीरवरील हल्ल्याची म्हणून भारतीय वृत्तवाहिन्यांवरून दाखवली गेली, आणि मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात खेळांतील चित्रफिती खऱ्या म्हणून फिरू लागल्या, तेव्हा पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाला खुलासे करावे लागले. ज्या तरुणाने ते खेळ खेळले होते, त्याला ती फसवणूक घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आधी ओळखू आली असली पाहिजे. खेळाची जाण ही आता नागरिकाच्या शहाणपणाचा भाग झाली आहे, ती अशी.

आणि सोलापूरच्या वाचकाला हे सांगावयास नको की, लष्कराचा अंमल म्हणजे काय हे या शहराने स्वतः भोगले आहे. मे १९३० मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला, गांधी टोपी घालणाराही गुन्हेगार ठरू लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या बंदुकीचे टोक ज्याच्याकडे रोखलेले असते, त्या बाजूने पाहिलेला एकही लष्करी खेळ या इतिहासावर झालेला नाही. संचारबंदीतल्या गिरणी कामगाराने घरी कसे पोहोचावे, निरोप कोणाच्या हाती द्यावा, कोणावर विश्वास ठेवावा, यांत डाव आहे, पेच आहे, लय आहे आणि ‘धिस वॉर ऑफ माइन’च्या तोडीचे सत्यही आहे.

माझा निष्कर्ष असा. आजचा लष्करी खेळ शस्त्राच्या बाबतीत सत्यनिष्ठ आणि मनुष्याच्या बाबतीत बेफिकीर आहे. त्याची गंमत खरी आहे, ती हिरावून घेण्याचे कारण नाही, परंतु त्याच्या वास्तवाच्या दाव्याची मात्र दर वेळी उलटतपासणी झाली पाहिजे. पालकांनी बंदीची मागणी करण्यापूर्वी एक डाव मुलाशेजारी बसून पाहावा. समीक्षकांनी या कृतींना नाटक-सिनेमाच्या पंक्तीस बसवून त्यांचे गुणदोष लिहावेत. आणि पुण्यात बसून जगासाठी खेळ घडवणाऱ्या तरुण निर्मात्यांनी पुढच्या खेळासाठी विषय शोधताना सोलापूरचे १९३० सालचे दफ्तर एकवार उघडावे.