अनुदानाची भाषा आणि बालकाची भाषा : ‘हेड स्टार्ट’ योजनेच्या निमित्ताने एक चिकित्सा

१

दरिद्री कुटुंबांतील बालकांच्या शालापूर्व संगोपनासाठी सरकारने अनुदान द्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा व राज्यकारभाराचा आहे. परंतु अनुदान मागणाऱ्यास आपली मागणी शब्दांत मांडावी लागते. आणि ती मांडताना बालकाच्या ठिकाणी अमुक एक उणीव आहे व ती भरून काढण्यासाठी हा पैसा हवा, असेच बहुधा सांगितले जाते. ही उणीव भाषेची आहे असे प्रतिपादन होताच तो प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६५ साली सुरू झालेली ‘हेड स्टार्ट’ ही योजना या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या योजनेवर शिक्षणशास्त्रज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी विपुल लिहिले आहे. तिच्या समर्थनार्थ जो भाषाविचार पुढे करण्यात आला त्याची चिकित्सा मात्र त्या मानाने थोडी झाली आहे. योजना योग्य होती, परंतु तिचे समर्थन सदोष होते. तो दोष समर्थनातून मापनात उतरला आणि मापनातून अनुदानाच्याच मुळावर आला, असे या इतिहासावरून दिसून येते.

२

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्थिक संधीविषयक कायदा संमत झाला आणि त्याच्या आश्रयाने १९६५ च्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे पहिले बालवर्ग भरले. त्यांत पाच लाखांहून अधिक बालके दाखल झाली. योजनेची रूपरेषा आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. रॉबर्ट कुक हे बालरोगतज्ज्ञ होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वैद्यकीय तपासणी, दातांची निगा, पोटभर अन्न, सवंगड्यांचा सहवास आणि मातापित्यांचा प्रत्यक्ष सहभाग ही त्या रूपरेषेची प्रमुख अंगे होती. शिकवणे हे त्यांपैकी एक अंग होते, एकमेव नव्हते.

अनुदानाची रचनाही अनोखी होती. पैसा मध्यवर्ती सरकारकडून राज्य सरकारांना वगळून थेट स्थानिक संस्थांकडे जात असे. मिसिसिपी राज्यात याचा परिणाम तत्काळ दिसून आला. तेथे १९६५ साली स्थापन झालेल्या बालविकास मंडळाच्या केंद्रांतून कृष्णवर्णीय समाजातील सामान्य स्त्रिया शिक्षिका व व्यवस्थापक म्हणून काम करू लागल्या. मळ्यांच्या मालकांवर किंवा राज्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांवर अवलंबून नसलेले वेतन त्यांना प्रथमच मिळू लागले. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी या अनुदानास कडवा विरोध केला. १९६६ साली ते थांबविण्याचा निर्णय झाला, त्यावर देशभर गदारोळ उठला आणि पुढे ते अंशतः पुन्हा सुरू झाले. या अनुदानाचा खरा आशय काय होता, हे त्याच्या विरोधकांना समर्थकांपेक्षा अधिक नेमके कळले होते, असे म्हणावे लागते.

३

मग या योजनेच्या केंद्रस्थानी भाषा आली कशी? त्या काळातील अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रात ‘सांस्कृतिक वंचितता’ ही कल्पना प्रबळ होती. गरीब घरात बोलणे थोडे होते, जे होते ते तुटक असते, आणि म्हणून मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यापाशी विचार करण्याचे साधनच अपुरे असते, अशी तिची मांडणी होती. इंग्लंडमधील बॅसिल बर्न्स्टाइन यांनी केलेला मर्यादित व विस्तृत भाषासंकेतांमधील भेद या कल्पनेच्या पुष्ट्यर्थ वापरला गेला. स्वतः बर्न्स्टाइन यांनी १९७० साली भरपाईच्या शिक्षणाच्या या कल्पनेवर टीका केली, हे सांगणे न्यायाचे ठरेल. कार्ल बेरायटर व सीगफ्रीड एंगलमन यांचे १९६६ सालचे शालापूर्व अध्यापनावरील पुस्तक हे या विचाराचे सर्वांत रोखठोक रूप होय. वंचित बालकाला जणू भाषाच नाही असे समजून त्याला शिकवावे आणि प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात वदवून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

‘पूर्ण वाक्य’ म्हणजे काय, हाच येथे भाषाशास्त्राचा प्रश्न आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन बोलीत ‘ही माझी बहीण आहे’ या अर्थाचे वाक्य संयोजक क्रियापदाशिवाय येऊ शकते. बेरायटर-पंथीयांना त्यात तर्काची उणीव दिसली. मराठी वाचकाला हा आक्षेप विचित्र वाटल्यावाचून राहणार नाही. ‘ही माझी बहीण’, ‘हे घर आमचे’, ‘त्याचे नाव गोविंद’ ही मराठी वाक्ये क्रियापदावाचून पूर्ण आहेत आणि ती बोलणाऱ्याच्या तर्कशक्तीविषयी कोणी शंका घेत नाही. भूतकाळ दाखवावयाचा झाला की मात्र मराठीत ‘होती’ म्हणावेच लागते; त्या बोलीतही भूतकाळाचे क्रियापद सहसा गळत नाही. म्हणजे हा लोप आळसाचा नसून नियमाचा आहे. प्रमाण इंग्रजीत हे क्रियापद जेथे आक्रसून मागील शब्दाला चिकटू शकते तेथेच बोलीत त्याचा लोप होतो, आणि जेथे ते आक्रसू शकत नाही तेथे लोपही होत नाही, हे विल्यम लबॉव्ह यांनी दाखवून दिले. इतका सूक्ष्म नियम पाळणाऱ्या बालकाला भाषा नाही असे म्हणणे म्हणजे त्या नियमाचे अज्ञान शास्त्राच्या नावाने खपविणे होय.

लबॉव्ह यांच्या १९६९ सालच्या प्रसिद्ध निबंधातील दुसरा मुद्दा मापनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. हार्लेममधील आठ वर्षांचा एक मुलगा औपचारिक मुलाखतीत एकेका शब्दाने उत्तरे देत होता. पुढील भेटीत मुलाखतकाराने बटाट्याच्या कापट्या आणल्या, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत घेतले आणि तो स्वतः जमिनीवर बसला. तोच मुलगा आता मित्राशी चढाओढीने बोलू लागला. पहिल्या भेटीत जे मोजले गेले ती मुलाची वाणी नव्हती. प्रौढ परीक्षकापुढील त्याची सावधगिरी होती.

तथापि लबॉव्ह यांचा निबंधही निर्दोष नाही. त्यातील सर्वांत गाजलेली तुलना पंधरा वर्षांचा एक तल्लख मुलगा आणि पाल्हाळ लावणारा एक सुशिक्षित प्रौढ यांच्यात आहे. उदाहरणे निवडून घेतलेली आहेत आणि अशा दोन वक्त्यांवरून दोन समाजांविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे. शिवाय ‘हेड स्टार्ट’मधील बालके चार वर्षांची, लबॉव्ह यांचे निवेदक त्यांहून मोठे. बोलीचे व्याकरण पूर्ण आहे हे त्यांनी निर्विवादपणे सिद्ध केले. प्रत्येक चार वर्षांच्या बालकाला प्रौढांशी संवादाची पुरेशी संधी मिळते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पहिला प्रश्न भाषेच्या रचनेचा आहे, दुसरा जीवनाच्या परिस्थितीचा. वादाच्या भरात दोन्ही पक्षांनी त्यांची गल्लत केली.

४

उणीव भाषेची मानली की यशही भाषेच्या कसोटीनेच मोजले जाणार, हे ओघानेच आले. १९६९ सालच्या वेस्टिंगहाऊस अहवालात या वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलांची पहिली ते तिसरीच्या इयत्तांत अन्य मुलांशी तुलना करण्यात आली. त्यासाठी वापरलेल्या साधनांत इलिनॉय येथे तयार झालेली मनोभाषिक क्षमतांची कसोटी होती. निष्कर्ष प्रतिकूल आला. अभ्यासातील बहुतेक केंद्रे केवळ उन्हाळी वर्गांची होती, हा बचाव रास्त असला तरी मूळ प्रश्नाला तो स्पर्श करीत नाही. दातांची निगा, मिळालेले अन्न, नोकरीला लागलेली आई यांना त्या कसोटीत गुण नव्हते.

हीच चूक २००३ साली अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. राष्ट्रीय निवेदनपद्धतीच्या नावाखाली योजनेतील चार वर्षांच्या बालकांची वर्षातून दोनदा परीक्षा घेण्याचे ठरले. चार चित्रे समोर ठेवावयाची, एक शब्द उच्चारावयाचा आणि योग्य चित्राकडे बोट दाखवावयास सांगावयाचे, असे तिच्या शब्दसंग्रहविषयक भागाचे स्वरूप होते. तज्ज्ञांनी तीव्र आक्षेप घेतल्यानंतर २००७ च्या कायद्याने ती बंद झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रभावमापनाच्या अभ्यासात सुमारे पाच हजार बालकांची सोडत पद्धतीने विभागणी केलेली होती. योजनेच्या वर्षअखेरीस शब्दज्ञानादी बाबतींत दिसलेला लाभ पहिल्या इयत्तेच्या अखेरीस बहुतांशी ओसरला होता. तुलनेसाठी घेतलेल्या गटातील बरीच मुले दुसऱ्या कोणत्या तरी बालवर्गात जातच होती, ही बाब मात्र वादाच्या गर्दीत मागे पडली.

गुण ओसरले म्हणजे परिणाम ओसरला, हे समीकरणच तपासून पाहण्यासारखे आहे. ‘हेड स्टार्ट’हून निराळ्या परंतु तिच्याच काळातील पेरी बालशाळेच्या प्रयोगात, मिशिगनमधील इप्सिलँटी येथे, १२३ बालके होती, त्यांपैकी ५८ बालवर्गात गेली. त्यांचा बुद्धिगुणांकातील लाभ काही वर्षांतच नाहीसा झाला. परंतु चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला तेव्हा शालान्त शिक्षण, मिळकत आणि अटकांचे प्रमाण या बाबतींत ती उजवी ठरली. प्रयोग लहान आहे, त्यावरून सरसकट विधान करता येणार नाही. परंतु कसोटी जे पकडते तेवढेच घडते, असे नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

अभावाची ही कल्पना १९९५ साली आकड्याचे रूप घेऊन परत आली. बेटी हार्ट व टॉड रिझली यांनी कॅन्सस येथील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून, गरीब व सुस्थित बालकांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत काही वर्षांतच तीन कोटींचे अंतर पडते, असे अनुमान काढले. सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे त्यांत अवघी सहा होती. २०१९ साली स्पेरी, स्पेरी व मिलर यांनी पाच वसाहतींतील नोंदी तपासल्या तेव्हा ते अंतर त्यांना आढळले नाही. घरातील इतर माणसांचे बोलणे व कानावर पडणारे सारे संभाषण जमेस धरता तर चित्र पुष्कळच बदलले. शर्ली ब्राइस हीथ यांनी १९८३ सालच्या ग्रंथात कॅरोलिनाच्या वस्त्यांचे जे वर्णन केले आहे त्याची येथे आठवण होते. तेथील कृष्णवर्णीय कामगारवस्तीत ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा प्रश्न मोठी माणसे मुलांना क्वचितच विचारीत. शाळेत मात्र शिक्षकाचे बहुतेक प्रश्न त्याच जातीचे. मूल गप्प राहते ते शब्दांच्या अभावी नव्हे. विचारणाऱ्याला उत्तर येत असताना तो का विचारतो, हे त्याला उमगत नाही म्हणून.

५

या चिकित्सेतून एक विपरीत निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. बालकाची भाषा जर पूर्ण आहे, तर अनुदान कशासाठी, असे कोणी विचारील. हा प्रश्न पडतो तो अभावाचा सिद्धान्त गृहीत धरल्यामुळेच. भुकेल्या बालकाला अन्न द्यावयाचे ते त्याचे व्याकरण सुधारावे म्हणून नव्हे. शाळेची प्रमाण भाषा त्याला आली पाहिजे, हेही निर्विवाद आहे. परंतु ती त्याच्या भाषेत भर म्हणून यावी, तिच्या जागी नव्हे. अनुदानाचा अर्ज बालकाच्या कमीपणावर उभा केला की त्या कमीपणाचा पुरावा दरवर्षी देत राहावे लागते, आणि गुण वाढले नाहीत तर दोष बालकाचा किंवा योजनेचा ठरतो. कसोटीला कोणी जबाबदार धरीत नाही.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतही आहार, आरोग्य व शालापूर्व शिक्षण यांची सांगड आहे. तिच्या केंद्रांना मिळालेले ‘अंगणवाडी’ हे नाव ताराबाई मोडक यांच्या कार्याची आठवण देते. बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तेथे वारली बोलणारे मूल मराठी शिक्षिकेपुढे येते, तेव्हा त्याच्या मौनाचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न हार्लेमच्या मुलाखतकारापुढील प्रश्नाहून वेगळा नाही.

म्हणून बालवर्गांच्या मूल्यमापनात भाषाशास्त्राने करावयाचे काम मर्यादित परंतु अवश्य आहे. बालकाच्या घरच्या बोलीचे वर्णन प्रथम व्हावे, कसोटी नंतर रचावी. आणि परीक्षेत मूल गप्प राहिले तर त्याच्या खात्यावर शून्य मांडण्यापूर्वी परीक्षक कोठे व कसा बसला होता, हे विचारावे.