रेखाटनवहीतील तारीख

टाळेबंदी उठल्यावर जे उद्योग लोकांनी मोठ्या हौसेने पुन्हा हाती घेतले, त्यांत मंडळी जमवून चित्रे काढावयास बाहेरगावी जाणे हाही एक होय. मुंबई-पुण्याकडे रविवारी सकाळी वह्या आणि रंगपेट्या घेऊन एखाद्या जुन्या पेठेत किंवा देवळाच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेली माणसे पुन्हा दिसू लागली, आणि त्या लाटेचे चार तुषार आमच्या भंडारा जिल्ह्यापर्यंतही येऊन पोहोचले. या उपक्रमाविषयी जे माझ्या वाचनात आले ते सारे कौतुकाचे आहे. कौतुकास्पद असे त्यात पुष्कळ आहे, हे मीही मान्य करतो. परंतु ज्या कृतींना त्यांचे कर्ते चित्रे म्हणवितात त्यांच्या वाट्यास नुसते कौतुक यावे, हे त्या कर्त्यांच्याच हिताचे नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या प्रथेचे आजचे रूप फार जुने नाही. सिअ‍ॅटल येथील एका वृत्तपत्राचे चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ साली आपापल्या गावाची जागेवर बसून रेखाटने करणाऱ्यांना एकत्र आणण्यास आरंभ केला. त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही संस्था उभी राहिली आणि तिच्या शाखा मुंबई-पुण्यासही निघाल्या. या संस्थेचा आठ कलमांचा एक जाहीरनामा आहे. त्यातील दोन कलमांशीच येथे आपणांस कर्तव्य आहे. एक असे की, चित्र जागेवर बसून, डोळ्यांनी पाहून काढावे. छायाचित्रावरून काढलेले चालणार नाही. दुसरे असे की, चित्र ही स्थळाची आणि काळाची नोंद असावी. पहिले कलम सर्वजण कसोशीने पाळतात. दुसऱ्यातील ‘स्थळ’ तेवढे पाळले जाते, आणि ‘काळ’ वहीच्या कोपऱ्यात तारीख घालून उरकण्यात येतो, अशी माझी तक्रार आहे.

२०२० च्या २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि या मंडळींचे पायच बांधले गेले. त्या वर्षी हाँगकाँग येथे भरावयाचा जागतिक मेळावा रद्द झाला, आणि पुढचा भरण्यास २०२३ साल उजाडून ऑकलंड गाठावे लागले. मधल्या काळात ज्यांना चित्रावाचून राहवेना त्यांनी खिडकी गाठली. प्रस्तुत लेखक चित्रकार नव्हे. इंग्रजीच्या प्राध्यापकाने चाळा म्हणून पेन्सिल हाती धरावी इतकीच त्याची मजल. तरीही त्या महिन्यांत घराच्या मागील खिडकीतून दिसणारा एकच कडुनिंब मी इतक्यांदा काढला की त्याची गणना ठेवली नाही. आरंभी त्यास तांबूस कोवळी पालवी होती, मग फुलोरा आला, मृगाच्या सुमारास निंबोण्या पिकून खाली पडू लागल्या. रेखाटने सारी सामान्यच आहेत. परंतु ती ओळीने मांडली असता त्यांतून काहीतरी सरकताना दिसते, आणि हे सरकणे माझ्या आधीच्या कोणत्याही वहीत नव्हते. डेव्हिड हॉकनी या विख्यात इंग्रज चित्रकाराने त्याच वसंतात नॉर्मंडीतील आपल्या घराभोवतीची झाडे आयपॅडवर पुन्हा पुन्हा काढली, आणि त्यांतील ११६ चित्रे २०२१ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत मांडली. त्यातील हिरवा रंग मला फार भडक वाटतो, हे कबूल केले पाहिजे. पण एका आवाराच्या पलीकडे न जाताही ऋतूचे आगमन इतके भरगच्च दाखविता येते, हे त्याने दाखविले खरे.

२०२२ च्या गुढीपाडव्यास महाराष्ट्रातील निर्बंध उठले. त्यानंतरच्या हिवाळ्यात नागपूरकडील काही तरुण मंडळी पवनीस चित्रे काढण्यासाठी आली, आणि वाट दाखविण्यास म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. पवनी हे स्थान चित्रकारास मोह पाडणारे आहे. जुन्या तटाचे आणि दरवाजाचे अवशेष, वैनगंगेवरील घाट, घाटावरील लहानमोठी देवळे, आणि जिच्या पोटात दोन हजार वर्षांमागील स्तूप १९६९-७० च्या उत्खननात सापडला ती जगन्नाथ टेकडी. मंडळी सकाळी आठास बसली, दहास उठली. सर्वांच्या वह्या घाटाच्या पायरीवर पसरण्यात आल्या, त्यांचे छायाचित्र घेण्यात आले, आणि प्रत्येकाने प्रत्येकास ‘फार छान’ असे म्हटले. हा विधी सर्वत्र असाच चालतो, असे मला सांगण्यात आले.

आता त्या वीसेक वह्यांतील चित्रांकडे पाहू. हात बहुतेकांचे तयार होते. तटाच्या दगडांवरील सावल्या एका मुलीने तर अशा धिटाईने सोडल्या होत्या की मला तिचा हेवा वाटला. यथादर्शन कोठे चुकले नव्हते. परंतु नदी बहुतेक वह्यांत निळी होती. त्या दिवशी समोरचे पाणी निळे नव्हते. ते शेवाळी, मळकट हिरवे होते, आणि काठाशी जलपर्णीचे पुंजके अडकले होते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत उतरते, हे या भागातील पोरासही ठाऊक आहे. मग जागेवर बसून, डोळ्यांनी पाहून काढलेल्या चित्रांत निळा रंग आला कोठून? तो रंगपेटीतून आला. माझा तर्क असा की, दोन वर्षे घरात बसून ही मंडळी पडद्यावर इतरांची रंगचित्रे पाहत राहिली, आणि नदी म्हणजे निळी हा संकेत तेथून त्यांच्या बोटांत उतरला. छायाचित्र वर्ज्य केले, तरी छायाचित्राचा डोळा त्यांच्याबरोबर घाटावर आला होताच.

माझ्या वहीची गत याहून वाईट होती. मी देऊळ काढले, त्यामागचा पिंपळ काढला, एक नाव काढली. जवळच जाळे सोडवीत बसलेले एक वृद्ध ढिवर गृहस्थ उठून आले आणि बराच वेळ वही पाहत राहिले. मग म्हणाले, “सर, पानी कोठवरी आलतं, ते यात दिसत नाई.” मी विचारले, “कधीचे पाणी, भाऊ?” त्यांनी काही न बोलता घाटावरील एका घराच्या भिंतीकडे बोट केले. पुरुषभर उंचीवर चिखलाची फिकट रेघ होती. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले, गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहरापासून पवनीपर्यंत वैनगंगा लोकांच्या घरांत शिरली. त्या पुराची ती खूण. ती भिंत माझ्या चित्रात होती, रेघ नव्हती. मला ती दिसली नव्हती असेही नाही. चित्र मळू नये म्हणून मी ती गाळली होती.

यावर एक आक्षेप येईल तो असा की, दोन तास बसणाऱ्या हौशी माणसाकडून इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे; तो आनंदासाठी येतो, त्यास आनंद मिळाला म्हणजे पुरे. आनंदाविषयी माझे भांडण नाही. दीर्घ कोंडमाऱ्यानंतर चार माणसांच्या शेजारी उन्हात बसावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या सकाळी कित्येकांच्या चेहऱ्यावर ती स्पष्ट दिसत होती. पण स्थळकाळाची नोंद करण्याची प्रतिज्ञा या मंडळींनी स्वतःच केली आहे, मी त्यांच्यावर लादलेली नाही. आणि रेघ पाहण्यास इतिहास लागत नाही. ती भिंतीवर होती. रस्किनने १८५७ साली नवशिक्यांसाठी जे चित्रकलेचे पुस्तक लिहिले, त्याचा रोख असाच आहे की डोळा सुधारावा म्हणून हात शिकवावयाचा. योगायोग असा की त्याच साली मुंबईस जे. जे. चित्रशाळा निघाली.

त्या शाळेचेच उदाहरण घेता येईल. १८७२ पासून ग्रिफिथ्स साहेब आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास जात, आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे हे काम मध्ये खंड पडूनही १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्या मंडळीत होते. सहल म्हणावी तर तीही सहलच. पण तीच लेणी, त्याच भिंती आणि पुन्हा पुन्हा तेच हात. त्यातील पुष्कळ प्रती पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, ही गोष्ट निराळी. दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे. कोटितीर्थाचे पाणी त्यांनी निरनिराळ्या प्रहरी, निरनिराळ्या उजेडात रंगविले. एकच तळे एखाद्या माणसास किती पुरते, याचा हिशेब त्यांच्या जलरंगांत मिळतो. आमचा जिल्हा तर तळ्यांचाच म्हणून ओळखला जातो, आणि येथील तळे चैत्रात व भाद्रपदात सारखे दिसत नाही.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच की, सहली पुन्हा सुरू झाल्या त्या बरोबर खिडकीलाही घेऊन सुरू व्हाव्यात. दर महिन्यास नवे गाव शोधण्यापेक्षा वर्षातून तीन वेळा एकाच घाटावर जावे. वह्या पायरीवर पसरल्यावर छायाचित्र घेण्यापूर्वी निदान अर्धा तास त्या समोरच्या दृश्याशी ताडून पाहाव्यात. वीस जणांनी एकच वस्तू एकाच वेळी काढलेली असते, आणि ती वस्तू साक्षीस समोर उभी असते. टीकेस याहून सोयीचे न्यायासन मिळणे कठीण. ‘फार छान’ म्हणून ही संधी दवडणाऱ्या मंडळींस सौजन्याची चुकीची कल्पना जडली आहे. कोणी दुखावला जाईल, हे भय मला वर्गातील अनुभवावरून ठाऊक आहे. परंतु नदी निळी नाही असे सांगितल्याने कोणी चित्र काढणे सोडल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

त्या मंडळींची पुढील सहल अंबागडच्या किल्ल्यावर ठरली होती, व तीही पार पडल्याचे कळले. पवनीस पुन्हा यावे ही माझी सूचना बहुतेकांना नीरस वाटली. फक्त सावल्या सोडणारी ती मुलगी व तिचा एक सोबती पुढील ज्येष्ठात, नदी उतरलेली असताना, परत आले. मुलीने या खेपेस ती भिंतच काढली. रेघ उन्हापावसाने बरीच पुसट झाली होती; ती कोठवर होती हे तिने त्या वृद्ध गृहस्थांना विचारून घेतले.