पाळण्याजवळचे दिवस

शरद ऋतूचें वर्णन करण्यांत आपले कवि कधीं मागें राहिले नाहींत. निरभ्र आकाश, निवळलेलें पाणी, कोजागरीचें चांदणें आणि आटीव दूध, हा सारा संभार मराठी वाचकाच्या पूर्ण ओळखीचा आहे. परंतु वऱ्हाडांतला शरद याहून निराळा असतो. बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजा तालुक्यांत, दुसरबीड नांवाचें गांव आहे. त्या बाजूस आश्विन लागला कीं सोयाबीनची सोंगणी येते, आणि ती आटोपते न आटोपते तोंच कापसाची वेचणी. मग शेतकऱ्याच्या घरांतील धडधाकट माणूस दिवसा घरीं सांपडत नाहीं. सासू, सासरा, नवरा, जाऊ, सारीं शेतांत. घरीं उरतात ते दोनच जीव: दोन-तीन महिन्यांचें लेकरूं आणि त्याची वीस-बावीस वर्षांची माय.

अशा घरांतील एक दिवस वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. सकाळीं लेकराची टाळू तेलानें भरायची, अंग चोळून त्याला न्हाऊं घालायचें, शेक-धुरी करायची, सहाणेवर घुटीचे वळसे घ्यायचे. मग तें निजेल तेवढ्या वेळांत लंगोट-दुपटीं धुवायचीं आणि भाकरी थापायच्या. आणि नेमकी तव्यावर भाकरी असतांनाच तें उठायचें. बाहेर ऊन तापलेलें, आंत झोळीच्या दोरीची करकर. संध्याकाळीं मंडळी परत येतात आणि कोणी तरी सहज विचारतें, "दिवसभर काय केलं?" ह्या प्रश्नाला त्या मुलीस उत्तर देतां येत नाहीं. मराठी वाङ्मयालाहि तें अद्याप नीटसें देतां आलेलें नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

हें विधान वाचकांस धाडसाचें वाटेल. मराठींत आईला काय तोटा? कवि यशवंत यांची 'आई' शाळेपासून आपल्या तोंडीं बसली आहे. माधव जूलियन यांनीं दिवंगत मातेस उद्देशून केलेली कविता ऐकून ज्याचा कंठ दाटला नाहीं असा मराठी माणूस विरळा. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली आणि तेव्हांपासून घरोघर वाचली गेली. या कृतींचें मोल कमी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु या तिन्ही ठिकाणीं बोलणारा कोण आहे, हें पाहिलें पाहिजे. तिन्ही ठिकाणीं लेकरूं बोलतें आणि आई ऐकूं येते ती त्याच्या आठवणींतून. आतां कोणत्याहि माणसाची आठवण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पलीकडे सहसा जात नाहीं. म्हणजे लेकराच्या स्मृतींतून जें वाङ्मय निर्माण होईल, त्यांत नेमके पाळण्याजवळचे दिवस गळलेले असणार. श्यामला आई आठवते ती संस्कार करणारी, शहाणी, सोशीक, पुरती आई झालेली. ओलें, निसटतें अर्भक प्रथमच मांडीवर घेऊन घाबरलेली मुलगी त्याला आठवूं शकत नाहीं. ही ग्रंथकाराची चूक नव्हे; ती त्या जागेवरून दिसणाऱ्या देखाव्याची मर्यादा आहे. मात्र सारें वाङ्मय त्याच एका जागेवर उभें राहिलें, तर तो वाङ्मयाचा दोष होतो.

याचें मोठें उदाहरण दुसरबीडच्या शेजारींच आहे. महाराष्ट्राची सर्वांत थोर माता, जिजाबाई, १५९८ सालीं सिंदखेडास लखुजी जाधवांच्या घरीं जन्मली. १६३० सालीं शिवनेरीवर तिला पुत्र झाला. त्या पुत्राचे पाळणे आपण आजहि गातों. जयंतीच्या दिवशीं पाळण्याला रंगीत दोऱ्या बांधून तो हालवितों. पण त्या पाळण्यांत पुत्राचा पुढील पराक्रम गाइलेला असतो. पति मोहिमांत गुंतलेला, काळ धामधुमीचा, अशा वेळीं गडावरील त्या तरुण स्त्रीनें तान्ह्या मुलासह दिवस कसे काढले, याविषयीं आमच्या कवितेस फारशी जिज्ञासा वाटलेली दिसत नाहीं. दोरी ओढणारा हात वंद्य ठरला. तो दुखला कीं नाहीं, हें कोणी विचारलें नाहीं. आई थोर, कारण मुलगा थोर: हा न्याय आम्हीं इतका अंगवळणी पाडून घेतला आहे कीं, ज्या आईचा मुलगा पुढें सामान्य शेतकरी होणार, तिच्या दिवसांना कांहीं अर्थ असेल, हें मनांतहि येत नाहीं.

मग हे दिवस मराठींत कोणींच सांगितले नाहींत काय? सांगितले, पण ज्यांनीं सांगितले त्यांस आपण ग्रंथकार म्हणत नव्हतों. पहांटेस जात्याचा खुंटा धरून बायका ओव्या गात. ओवी दोन-चार लहान चरणांची. जात्याच्या एका फेऱ्यागणिक जुळणारी, दोन्ही हात गुंतलेले असतांना रचतां येणारी. साने गुरुजींनींच त्यांचा मोठा संग्रह 'स्त्रीजीवन' या नांवानें केला. पुढें हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्या ओव्यांत तान्हें बाळ आहे, त्याचें कौतुक आहे, दृष्ट लागण्याचें भय आहे. पण त्याबरोबरच सासरचा जाच, माहेराची ओढ, मुलगी झाल्याबद्दलचे टोमणे आणि अंगाचा शीण हेंहि आहे. येथें आई बोलते, आणि ती केवळ आई म्हणून बोलत नाहीं. ती लेक असते, बहीण असते, थकलेलें माणूस असते.

तथापि ओवीचें गुणगान करतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ओवीलाहि तिचे ठरलेले सांचे आहेत, आणि ज्या कष्टांतून ती निघाली ते कष्ट गोड नव्हते. पिठाची चक्की आली आणि बाईच्या खांद्यावरून एक मोठें ओझें उतरलें. त्याबद्दल खंत करणें हा पोटभरल्या रसिकांचा चोचला होय. पण ओझ्याबरोबर बोलण्याची जागाहि गेली, हेंहि खरें. दळण सुटलें; तिला बोलायला दुसरी जागा कोणी दिली नाहीं.

गद्यांत या जागेचा उत्तम नमुना एकच आम्हांस आठवतो: लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. १९३४ पासून तीं भागशः प्रसिद्ध झालीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई कांहीं वर्षें नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. एवढें दुःख असतां त्यांनीं कोठेंहि गळा काढलेला नाहीं. सोंवळें, चूल, मुलाचें आजारपण, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, या साऱ्यांकडे त्या खोडकर डोळ्यांनीं पाहतात, आणि वाचकाचें हंसूं ओसरतें न ओसरतें तोंच त्याच्या ध्यानांत येतें कीं आपण एका अत्यंत कठीण आयुष्याची हकीकत वाचीत आहों. घरांतल्या घरांतील सामग्री मोठ्या वाङ्मयास पुरते, हें या पुस्तकानें कायमचें सिद्ध केलें. परंतु हीं चित्रेंहि पुष्कळ वर्षांनंतरचीं आहेत. काळानें त्यांवरची धार उतरविली आहे. त्या त्या दिवसाचा शब्द त्या दिवशीं कागदावर आला असता, तर तो कसा असता?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, या दिवसांत घडतें काय? एक दिवस दुसऱ्यासारखा, कथानक नाहीं. आमचें उत्तर असें कीं, बाहेरून सारखा दिसणारा दिवस आंतून तसा नसतो. परवां लेकरूं नुसतें पाहत होतें, आज ओळखून हंसलें. काल मान टाकीत होतें, आज धरली. याहून मोठी घटना कोणत्या कादंबरींत असते? आणि उलट बाजूचीहि घटना असते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असतांना त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें. त्या पुढें अमेरिकेस जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, म्हणून ते दहा दिवस आपल्याला ठाऊक. एरवीं ते कोणीं मोजले असते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशा बाईला लिहायला वेळ कोठून असणार? खरेंच, नसतो; आणि म्हणूनच तिच्याकडे मोठ्या कथेची अपेक्षा करूं नये. ओवीनें हेंच शिकविलें आहे: वेळ तुटका असेल तर रचनाहि तुटकी असावी. एका निजेंत मावतील तेवढ्या चार ओळी, हाच या अनुभवाचा स्वाभाविक आकार होय.

आज या दिवसांची एक नोंद नियमानें होते. दवाखान्यांत बाळंतपण झालेल्या बाईकडे आशा स्वयंसेविका ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं येते. बाळाचें वजन, अंगाची ऊब, अंगावर पितें कीं नाहीं, हें पाहून टिपून घेते. ही नोंद अर्भकांचे प्राण वांचविण्यासाठीं आहे, आणि ती मोलाची आहे. पण ४२ व्या दिवशीं ती वही मिटते. सव्वा महिना संपून बाळंतीण घरकामाला लागते तोहि साधारण हाच सुमार. तेथून पुढें तिच्या दिवसांना कागद नाहीं.

विदर्भांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात आणि शेवटीं खिरापत ओळखायला लावतात. त्या गाण्यांतहि सासर-माहेरच असतें. चार वर्षांपूर्वीं जी त्या घोळक्यांत होती, ती आज मांडीवर लेकरूं घेऊन तीं गाणीं भिंतीपलीकडून ऐकते. त्यांतला विनोद आणि त्यांतली कळ तिला आतां प्रथमच पुरती समजते. ही समज तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ नाहीं, आणि कार्तिक सरेपर्यंत ती तिच्याजवळहि तशीच राहणार नाहीं. लेकरूं रांगूं लागेल आणि आजचें सारें ती विसरून जाईल.

आमच्या वाचकांच्या घरींहि अशी लेक किंवा सून असेल. बाळंतविड्यांत झबलीं-टोपडीं द्यावींच. त्यांबरोबर एक कोरी वही द्यावी, आणि दुपारीं अर्धा तास लेकरूं आपण घ्यावें. वहींत काय लिहिलें तें तिनें दाखविल्यावांचून मात्र पाहूं नये.