पुठ्ठ्याचा चंद्र

न्यूयॉर्कमधील सलिव्हन स्ट्रीट प्लेहाऊस हे जेमतेम दीडशे खुर्च्यांचे नाट्यगृह. तेथे 3 मे 1960 रोजी ‘द फँटास्टिक्स’ ही संगीतिका रंगभूमीवर आली आणि 13 जानेवारी 2002 पर्यंत तिचे 17,162 प्रयोग झाले.

कथा रोस्ताँच्या फ्रेंच नाटकातली, जुनीच. मुलांनी प्रेमात पडावे म्हणून दोन बाप खोटे वैर धरून मध्ये भिंत घालतात. म्हणून यशाचे श्रेय मी कथेला देत नाही. काय गाळावे हे ज्यांना उमगले त्या लेखक-गीतकार टॉम जोन्स, संगीतकार हार्वे श्मिट व दिग्दर्शक वर्ड बेकर यांना देतो. वाद्ये दोन, पियानो आणि हार्प. भिंत म्हणजे मूक पात्राच्या हातातली काठी. चंद्र पुठ्ठ्याचा, उलटला की सूर्य!

या साधेपणाचा खरा कस दुसऱ्या अंकात लागतो. चांदण्यातली प्रीती उन्हात येते, बापांचे कपट उघडे पडते, मुले दुरावतात, जगाचे चटके खाऊन परततात. बाप आता भिंत पाडायला निघतात, तर सूत्रधार ती राहू द्या म्हणतो. मला हे फार मोलाचे वाटते. थोडे अंतर राखल्यावाचून ओढ टिकत नाही, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीही ध्यानी घ्यावे.