विद्यार्थ्याचे परदेशगमन आणि आपले वाङ्मय

आमच्या किनवटास पैनगंगेचा पूर, सागवानाचे जंगल किंवा आठवडी बाजारात कानी पडणाऱ्या मराठी, तेलुगू, गोंडी आणि गोरमाटी या चार भाषा यांपैकी कशाचेही अप्रूप कोणास वाटत नाही. परंतु गावातील एखादी मुलगी विद्येसाठी समुद्रापलीकडे जाणार ही वार्ता मात्र अजूनही घरोघर फिरते. मागे आमच्याच आळीत असा प्रसंग घडला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घरच्या ओसरीवर मंडळी जमली. किती वर्षे राहणार? खर्च कोण करणार? तिकडचे खाणे अंगी लागेल का? लग्नाचे काय ठरले? आणि सर्वांत शेवटी, आवाज जरा खाली आणून, “परत येशील ना गं?” मुलगी प्रत्येकास उत्तर देत होती, काकांस एक, मावशीस दुसरे, आजीस त्याहून निराळे. दोन तास हा प्रकार चालला. त्या दोन तासांत तिने स्वतः एकही प्रश्न विचारला नाही, आणि तिने तो विचारावा असे आम्हांपैकीही कोणास सुचले नाही. दुसरे दिवशी नंदिग्राम गाडीने ती मुंबईस गेली व तेथून पुढे विमानाने.

घरी परतल्यावर आम्ही सहजच जुनी पुस्तके काढून बसलो. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या माणसांविषयी महाराष्ट्रात जे लिहिले गेले आहे, ते या प्रसंगाच्या उजेडात पुन्हा वाचावे अशी इच्छा झाली. त्या वाचनातून आमचे जे मत बनले ते प्रारंभीच सांगतो. आपले वाचक या पुस्तकांतून धैर्य, कष्ट आणि यश शोधतात. ते सर्व तेथे आहेच. परंतु त्या लेखनाचे खरे मोल निराळ्या ठिकाणी आहे. ही माणसे जाताना लोकांच्या प्रश्नांची उत्तरे देत गेली, आणि गेल्यावर मात्र स्वतः प्रश्न विचारू लागली. उत्तरे आपण जपून ठेवली. प्रश्नांकडे आपले तितके लक्ष गेले नाही.

पहिले उदाहरण अर्थातच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा वर्षांचे. सोबतीस नवरा नाही, नातलग नाही. ओळखीच्या मिशनरी बायका तेवढ्या बरोबर. परंतु या प्रवासाचे सर्वांत प्रसिद्ध वाङ्मय हे प्रवासातले नव्हे, प्रवासापूर्वीचे आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत व्याख्यान दिले. त्या व्याख्यानाची रचनाच पाहण्यासारखी आहे. अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्याच का जाता, परतल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय, संकट आले तर काय कराल, आणि स्त्रीजातीत कोणी केले नाही ते तुम्हीच का करावे, असे सहा प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीर आश्वासनही दिले.

हे व्याख्यान तेजस्वी आहे यात शंका नाही. तथापि त्याचे स्वरूप कैफियतीचे आहे, हे विसरता कामा नये. सहाही प्रश्न लोकांचे आहेत. ज्या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी जिला मूल होऊन अवघ्या दहा दिवसांत गेले, तिला स्वतःचे काही विचारावयाचे होते की नाही, हे त्या व्याख्यानात दिसत नाही. दिसणे शक्यही नव्हते. ज्याला जाण्याची परवानगी मिळवावयाची असते त्याने प्रश्न विचारावयाचे नसतात. आमच्या आळीतील त्या ओसरीवर आम्हांस याच सभागृहाची आठवण झाली. मध्ये सुमारे एकशे चाळीस वर्षे गेली. जातीबाहेर टाकण्याचा प्रश्न तेवढा कमी झाला, बाकीचे बहुतेक तसेच उभे आहेत.

आता याच बाईंची अमेरिकेतून पतीस लिहिलेली पत्रे पाहावी. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र १८८९ साली प्रसिद्ध झाले. काशीबाई स्वतः लग्नानंतर, घरच्या थट्टेस तोंड देत लिहावाचावयास शिकलेल्या. त्यामुळे आपल्या नायिकेची पत्रे चरित्रात येऊ द्यावीत, तिचे बोलणे आपल्या स्तुतीखाली झाकू नये, ही समज त्यांस होती. ही समज त्या काळच्या चरित्रकारांत विरळाच. त्या पत्रांपैकी एकात आनंदीबाईंनी गोपाळरावांच्या पूर्वीच्या वागणुकीचा हिशेब मांडला आहे: लाकडाच्या तुकड्यांचा मार, अंगावर फेकलेली पुस्तके, सोडून जाण्याची धमकी. पुढे त्या म्हणतात ते अधिक महत्त्वाचे आहे. त्या वागणुकीमागील उद्देशाला त्या दोष देत नाहीत; पण कोवळ्या मनावर तिचा काय परिणाम होतो हे पाहता ती चूकच होती, असा स्वच्छ निवाडा देतात.

पत्नीने पतीच्या वागणुकीची अशी दोन्ही बाजूंनी तपासणी करावी, तीही रागाने नव्हे तर न्यायाधीशाच्या शांतपणाने, हे त्या काळच्या मराठी गद्यात आम्हांस फार थोड्या ठिकाणी आढळले आहे. हे पत्र श्रीरामपूरच्या घरातून लिहिले गेले असते काय? आमच्या मते नाही. एका घरात राहणारी माणसे एकमेकांस पत्रे लिहीत नाहीत. आणि समोरासमोर हेच बोलणे निघाले असते तर पहिल्या वाक्यालाच तोडले गेले असते. कागदास मध्येच कोणी अडवीत नाही. मध्ये पसरलेल्या समुद्राने या बाईस प्रथमच आपले वाक्य पुरे करू दिले. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने ११ मार्च १८८६ रोजी दिलेली पदवी ही या प्रवासाची एक प्राप्ती होय. पुरे केलेले हे वाक्य दुसरी होय, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने ती पहिलीपेक्षा कमी नाही.

परंतु पुढील पिढ्यांनी यातले काय उचलले? शाळेच्या पुस्तकांतून पहिल्या स्त्री-डॉक्टर, त्यांचा जन्म, त्यांची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास झालेला मृत्यू. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक हाती असून ती जागा त्यांस चालविता आली नाही, ही हळहळ आपण मनापासून करतो. आणि त्या हळहळीत ते पत्र वाहून जाते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ सालच्या कादंबरीने ही कथा घराघरांत नेली, हे तिचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते. तिच्या नावातच दोन व्यक्तींची जोडी आहे. एका छताखाली कोंडलेल्या दोन स्वभावांचा झगडा, हे तिचे बळ; आणि त्यामुळेच पुस्तक मिटल्यावर आमच्या मनात गोपाळरावांचे कोडेच अधिक घोळत राहते. कादंबरीकाराचा हा दोष नव्हे, त्याने निवडलेल्या विषयाची ती मर्यादा आहे. पण जी मुलगी एकटी बोटीत बसली तिच्यासाठी वाचकास पुन्हा पत्रांकडेच यावे लागते.

आनंदीबाई ज्या महिन्यात कलकत्त्याहून निघाल्या त्याच एप्रिल १८८३ मध्ये पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडकडे निघाल्या. पती वारले होते, आईबाप दुष्काळात गेले होते. परवानगी देणारे कोणी घरात उरले नव्हते. तिकिटाच्या पैशासाठी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा त्यांस आधार झाला. पण म्हणून उत्तरे चुकली नाहीत. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्यांचे छोटे पुस्तक वस्तुतः सदाशिव पांडुरंग केळकर यांस लिहिलेले पत्र आहे, आणि आपण का निघालो याचा खुलासा हा त्यातील मोठा भाग आहे. घरातील माणसे नसली म्हणजे त्यांच्या जागी समाज येऊन बसतो, एवढाच फरक.

रमाबाईंचे प्रश्न मात्र अधिक दूर गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हे वाचून आपल्याकडील पुष्कळांनी पुस्तक मिटले; आणि पलीकडच्यांनी, आता ही आपली झाली, असे समजून निःश्वास सोडला. दोघेही चुकले. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार ज्यांनी वाचला आहे त्यांस ठाऊक आहे, की सिस्टर जेराल्डीन यांच्यासारख्या मायेच्या गुरूशीही रमाबाई वर्षानुवर्षे वाद घालीत राहिल्या. माझ्या सदसद्विवेकाचा मालक कोण, हा त्यांचा प्रश्न त्यांनी पुण्याच्या शास्त्र्यांस विचारला तसाच इंग्लंडच्या धर्माधिकाऱ्यांसही विचारला. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या. एकाच महिन्यात दोन बंदरांतून निघालेल्या, नात्यानेही जोडलेल्या या दोघी तेथे भेटल्या: एक दिलेल्या शब्दाप्रमाणे हिंदू राहिलेली, दुसरी धर्म बदललेली. जे लोक या दोघींना एकमेकींविरुद्ध पुरावा म्हणून उभे करतात त्यांनी ही भेट ध्यानात घ्यावी.

तिसरे उदाहरण याहून कठोर आहे. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणांत त्यांनी प्रवासाच्या आठवणी लिहिल्या आहेत. पण त्यांत आगबोटीचे वर्णन शोधणाऱ्याची निराशा होईल. त्यातील पहिला प्रवास मसूर स्टेशनापासून कोरेगावपर्यंतचा आहे. वडिलांस भेटावयास निघालेली लहान मुले, त्यांची जात कळताच भाड्याने मिळेनाशी झालेली बैलगाडी, आणि रात्रभर न मिळालेले पाणी. दुसरा प्रवास परतीचा, १९१७ सालचा. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. आणि बडोद्यास उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला तो, राहावे कोठे? पारशी खानावळीत नाव बदलून ते राहिले व अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी त्यांस बाहेर काढले.

या टिपणांची भाषा विलक्षण कोरडी आहे. कोठे उद्गार नाही, शाप नाही. घडले ते क्रमाने सांगितले आहे, आणि म्हणूनच वाचकास पळवाट राहत नाही. परदेशगमनाच्या लेखनात यश आणि पदव्या यांची यादी देणाऱ्यांनी या पानांपुढे थोडे थांबावे. विद्यार्थी गेला तो संस्थानच्या पैशाने, सन्मानाने. परतला तो अशा गावी, की जेथे त्याच्या विद्येस नोकरी होती आणि त्याच्या देहास खोली नव्हती. ‘परत येशील ना?’ असे विचारणाऱ्या समाजाला यापेक्षा नेमका प्रतिप्रश्न कोणी केल्याचे आम्हांस ठाऊक नाही. परत येतो; पण ठेवाल कोठे?

यावर कोणी म्हणेल, की हे सारे महापुरुषांचे झाले. सामान्य विद्यार्थी प्रश्न विचारावयास नव्हे, पदवी व नोकरी यांसाठी जातो. आम्हांस हा आक्षेप पुरता मान्य नाही. पदवीसाठीच तर आनंदीबाई गेल्या. प्रश्न हे कोणी ठरवून बांधून नेत नाही. दूर गेल्यावर आपले घर प्रथमच बाहेरून दिसते, आणि मग ते सुचतात. किनवटातून जाणाऱ्या मुलांस तर हा अनुभव कदाचित लवकर येईल. चार भाषांच्या बाजारात वाढलेल्या मुलास पाचवी भाषा फारशी भिववीत नाही. त्याला भिवविते ती घरच्यांची अपेक्षा.

एक अडचण मात्र नवीन आहे. पूर्वी एका पत्राच्या जाण्यायेण्यात महिने जात. तेवढ्या मुदतीत लिहिणारा स्वतःचे मन तपासून पाही, आणि वाचणारासही राग शांत करावयास अवधी मिळे. आता मुलांचे तोंड रोज फोनच्या पडद्यावर दिसते. याचे सुख आम्ही नाकारीत नाही. त्या आजीचे डोळे त्या वेळी कसे होतात हे आम्ही पाहिले आहे. पण जेवलीस का, थंडी आहे का, अभ्यास कसा चालला आहे, या प्रश्नांची ओसरी आता मुलीबरोबर परदेशीही गेली आहे. ती अजून उत्तरेच देत आहे.

परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यास भेट म्हणून चरित्रे देण्याची आपल्याकडे चाल आहे. ती चांगली आहे. आमची सूचना एवढीच, की ती चरित्रे, ती पत्रे आणि ती टिपणे जाणाऱ्याबरोबर मागे राहणाऱ्यांनीही वाचावीत. जाणाऱ्यास त्यांतून धीर मिळेल. मागे राहणाऱ्यांस कळेल, की एके दिवशी एखादे लांब पत्र येईल, किंवा पडद्यावरचे ते तोंड नेहमीची उत्तरे देता देता मध्येच गप्प होईल व काही विचारू लागेल. तेव्हा तिला तोडावयाचे नसते. त्या घरची आजी परवा आम्हांस म्हणाली, “पोरगी हल्ली लई विचारते हो.” त्यात तक्रार होती की कौतुक, हे आम्ही विचारले नाही. काशीबाईंचे पुस्तक मात्र त्यांच्या घरी पोचते केले आहे.