बिनआवाजाची भरारी

गाण्याच्या मैफलीत दाद सुरांना मिळते. जळगाव-धुळ्याचे पक्षीमित्र संक्रांतीनंतर ज्या कामात गुंततात, त्यात दाद द्यायची ती शांततेला. जखमी गव्हाणी घुबड पुरते बरे झाले याची खूण एकच, ते उडताना ऐकू येत नाही.

नावातच गव्हाण असलेले हे घुबड उंदरांवर जगते, म्हणजे शेतकऱ्याच्याच बाजूचे. तरी त्याचा धाक केवढा! त्याला दगड मारला तर ते तो दगड घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, म्हणतात. प्रत्यक्षात झिजते ते घुबडच, आणि तेही पतंगाच्या मांजाने. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर नायलॉन मांजावर बंदी घातली. निंबाच्या शेंड्याला लटकलेल्या मांजाला ती कुठे ठाऊक? रात्री शिकारीला निघालेल्या घुबडाच्या पंखात तो रुततो आणि ते जितके फडफडते तितका खोल जातो.

इथून पक्षीमित्राच्या हाताकडे पाहावे. नवखा मांजा ओढतो. जाणता तो दोन्ही बाजूंनी कापतो आणि मांसात रुतलेला तुकडा पशुवैद्यकासाठी तसाच राहू देतो. घुबडावर टॉवेल पडतो, आधी पाय धरले जातात, कारण त्याचे खरे हत्यार नखे. मग भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके आणि आत अंधार. चोचीत पाणी घालायचे नाही. ते श्वासनलिकेत उतरू शकते. गोंजारायचेही नाही, आपला मायेचा हात त्याला शिकाऱ्याचाच वाटतो. या कामातला सगळा रस असा टाळण्यात आहे.

उपचारातही तोच ताल. पंख बांधला नाही तर जखम सांधत नाही, जास्त दिवस बांधला तर सांधा आखडतो. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील वन विभागाच्या उपचार केंद्राच्या नावात ‘ट्रान्झिट’ हा शब्द आहे. तो मला फार आवडतो. मुक्काम करायचा नाही, एवढे तो बजावून सांगतो.

शेवटची परीक्षा कानाची. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर. त्यांतून हवा गुपचूप विरते. म्हणून उंदराला घुबड ऐकू येत नाही आणि घुबडाला उंदीर ऐकू येतो. मोडलेले पीस सांधत नाही, नवे येईपर्यंत थांबावे लागते. मोठ्या पिंजऱ्यात या टोकाहून त्या टोकाला उडताना जराशी फरफर कानी आली, तरी सुटका लांबते. तेवढ्या आवाजाने त्याचा घास हुकणार असतो.

सुगरणीच्या खोप्यातली कारागिरी पाहायला आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंनी आपल्याला शिकवले. पक्षीमित्राच्या कारागिरीचा मात्र मागे काही माग उरत नाही. तिन्हीसांजेला, जिथे सापडले त्याच शिवारात खोके उघडते आणि फिकट पंख निंबाआड दिसेनासे होतात. घुबडाने वळून पाहिले नाही, तर काम उत्तम झाले.

मांजात अडकलेला पक्षी तुम्हाला दिसला, तर ओढू नका. त्याला खोके आणि अंधार द्या, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा, आणि गप्प राहा.