स्क्रीनपूर्वीचा क्रम : गडचिरोलीचा श्वासमापक आणि ई-पीक पाहणी

डिजिटल साधनांची समीक्षा बहुतेक वेळा स्क्रीनवरील रंग, अक्षरे आणि बटने यांच्यापाशीच घुटमळते. वास्तविक स्क्रीन ही शेवटची पायरी होय. वापरणारा कोण, तो कोठून सुरुवात करतो, कोठे अडतो आणि अडल्यावर त्याने काय करावे, हा क्रम आधी निश्चित झालेला नसेल तर सुबक स्क्रीनही निरुपयोगी ठरते. संगणकक्षेत्रात या क्रमास ‘यूजर फ्लो’ म्हणतात. संज्ञा नवी असली तरी हा विचार गडचिरोलीस अपरिचित नाही.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’च्या माध्यमातून कार्य सुरू केले. बालकांच्या न्यूमोनियाचे निदान श्वासाच्या गतीवरून करता येते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक आणि त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० वा अधिक असल्यास धोका मानला जातो. परंतु निरक्षर सुईणीने साठपर्यंत मोजायचे कसे? या अडचणीतून तयार झालेला श्वासमापक अभ्यसनीय आहे. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी असतात. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. सुईणीला जे येते तेवढ्यावरच, म्हणजे दहापर्यंत मोजणे आणि रंग ओळखणे यांवरच, ही रचना उभी आहे. साधनाचे रूप मागाहून आले. शिवाय हा क्रम निदानापाशी थांबत नाही, कारण प्रशिक्षित व्यक्तीकडून गावातच औषध मिळण्याची व्यवस्था होती. लाल मण्यानंतर काय, याचे उत्तर नसते तर श्वासमापक हे केवळ एक खेळणे ठरले असते!

या पार्श्वभूमीवर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ या मोबाइल अॅपकडे पाहता येते. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करावी, ही कल्पना निश्चितच स्वागतार्ह आहे. खातेदार निवडणे, गट क्रमांक निवडणे, पीक व क्षेत्र भरणे, शेतात उभे राहून छायाचित्र घेणे, असा तिचा क्रम आहे. शेतात नेटवर्क नसल्यास माहिती नंतर पाठवता येते. जंगलपट्ट्याच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची होय. मात्र स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आली. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून आराखडा कागदावर मांडला असता तर ही सोय पहिल्याच हंगामात दिसली असती.

याहून गंभीर मुद्दा सुरुवातीच्या पायरीचा आहे. हा क्रम सातबारावरील नावापासून सुरू होतो. धानाची बांधी कसणाऱ्या माणसापासून नव्हे. सिंदेवाही-मूल भागात बटईने धान पिकवणारा शेतकरी, किंवा २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये पट्टा मिळालेले धानोरा तालुक्यातील कुटुंब, पहिल्या पायरीवर स्वतःला कोठे शोधणार? सुईणीसाठी हा प्रश्न मणी ओवण्यापूर्वीच विचारला गेला होता. आधारभूत किमतीने धान विकताना पिकाची नोंद पाहिली जाते. त्यामुळे नोंदीच्या क्रमात ज्याला जागा नाही, त्याचे धान व्यापारी म्हणेल त्या भावाने जाते.